उपचार करून घरी सोडले

गोपाळकाल्याच्या दिवशी दुपारनंतर पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाकडून जखमी गोविंदांचे आकडे यायला लागतात. राजावाडीत इतके, कूपरमध्ये इतके, कांदिवलीच्या शताब्दीत इतके, सायन-केईएमला इतके. रात्री उशिरा शेवटचा तक्ता येतो. त्यात आपण दोनच रकाने वाचतो: किती जण दाखल आहेत आणि किती जणांना उपचार करून घरी सोडले. दाखल झालेल्यांच्या खाटेपाशी दुसऱ्या दिवशी नेते जातात, फोटो निघतात. घरी सोडलेल्यांचा आकडा मोठा दिसला की आपल्याला हायसं वाटतं आणि आपण पान उलटतो.

त्यातल्या ज्याचा हात मोडला त्याला प्लास्टर मिळालेलं असतं, ज्याची हनुवटी फाटली त्याला टाके पडलेले असतात. त्यांच्यापुरतं ते वाक्य खरं. पण जो डोक्यावर आपटला, ज्याचं स्कॅन स्वच्छ निघालं आणि ज्याला ‘काही नाही, जा घरी’ म्हणून पाठवलं, त्याची फक्त तपासणी झालेली असते. मेंदूला बसलेल्या मुक्या माराचे, म्हणजे डॉक्टर ज्याला कन्कशन म्हणतात त्याचे, उपचार घरी गेल्यावर सुरू व्हायचे असतात. आणि अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत नेमकं तिथंच कुणी उभं नसतं. हे चित्र बदलायला नवी इमारत नको, नवं मशीन नको. ते का बदलत नाही, हा माझ्या लेखाचा विषय आहे.

आमच्या ओळखीतला पंतनगरचा एक मुलगा पथकात चौथ्या थरावर असायचा. थर कोसळला तेव्हा तो खालच्यांच्या अंगावर अलगद पडला, पण पडता पडता कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. रक्त नाही, टेंगूळही नावापुरतं. कॅज्युअल्टीत शिकाऊ डॉक्टरांनी विचारलं, “बेशुद्ध पडला होता?” पोरं म्हणाली, “नाही.” “उलटी?” “नाही.” स्कॅन झालं, रक्तस्राव नाही, फ्रॅक्चर नाही. दुखण्याची गोळी, पित्ताची गोळी, आणि बाहेर. तिथून पोरांनी त्याला थेट पुढच्या हंडीला नेलं. तो चढला नाही, डीजेच्या ट्रकला टेकून उभा राहिला. मधेच ‘आपण कुठल्या हंडीला आलोय’ असं त्यानं दोनदा विचारलं. पोरांना वाटलं, गंमत करतोय.

सुट्टी संपल्यावर तो मेट्रोनं अंधेरीला कामावर जायला लागला. काम संगणकावर आकडे भरायचं. घाटकोपरच्या पुलावरच्या गर्दीत त्याला गरगरायचं, वळणावर गाडीच्या चाकांचा आवाज डोक्यात घुसायचा, ऑफिसातल्या ट्यूबलाइटखाली अकरा वाजताच कपाळ ठणकायचं. स्क्रीनवरच्या ओळी एकमेकींत मिसळायच्या. घरी आला की झोपायचा किंवा भांडायचा. “आई, दूधवाल्याचे पैसे दिले का?” हे एका संध्याकाळी त्यानं तीन वेळा विचारलं. आईनं आधी मीठ-मोहरी उतरवून टाकली, मग फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अशक्तपणा म्हणून व्हिटॅमिनची इंजेक्शनं दिली. साहेबांनी ‘दांड्या वाढल्यात’ म्हणून समज दिली. मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायला नवरात्र उजाडलं. डोक्याला मार लागला होता हे तोवर कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण रिपोर्ट नॉर्मल होता.

या ‘नॉर्मल’चा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. डोक्याला हिसका बसला की कवटीच्या आत मेंदू हलतो आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात. पेशींच्या आतबाहेरच्या पोटॅशियम-कॅल्शियमचा तोल ढळतो. तो परत सावरायला पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा तोकडा पडतो. व्होल्टेज उतरलं की पंखा फिरताना दिसतो पण वारा लागत नाही, तशी ही अवस्था आहे. सीटी स्कॅन पंख्याची पाती मोडलीत का ते बघतं: रक्त साकळलंय का, हाड तडकलंय का. ते बघणं अत्यावश्यक आहे, जीव वाचवणारं आहे. पण व्होल्टेज मोजायचं ते यंत्र नव्हे. दुसरी मोजपट्टी ग्लासगो कोमा स्केलची. टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 मध्ये ती मांडली, तीही बेशुद्धीची खोली मोजायला. 15 पैकी 15 गुण मिळवणारा माणूस आपलं नाव सांगतो, वार सांगतो, हात वर करतो. हंडी फुटली त्याच्या आधीची दहा मिनिटं त्याला आठवतात का, हे त्यात येत नाही. आणि बेशुद्धीचं म्हणाल, तर कन्कशन झालेल्या दहांतला एकसुद्धा बहुधा बेशुद्ध पडत नाही. ‘बेशुद्ध पडला होता का’ या एका प्रश्नावर ज्यांना घरी पाठवलं जातं, त्यांतले बरेच जण असे चाळणीतून निसटतात.

म्हणून या दुखण्याचं निदान विचारून आणि बघून होतं. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, उजेड आणि आवाज सहन न होणं, डोकं जड आणि धुरकट वाटणं, उत्तर द्यायला वेळ लागणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, चिडचिड, उगाच रडू येणं, झोप फार येणं किंवा अजिबात न येणं. यातलं काही लगेच दिसतं, काही संध्याकाळी, काही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. याचा साक्षीदार घरात असतो, वर्गात असतो, ऑफिसच्या शेजारच्या खुर्चीत असतो. डॉक्टरांच्या टेबलापाशी पाच मिनिटं सरळ बसणारा मुलगा घरी तीच गोष्ट तीनदा विचारतो, हे आईशिवाय कोण सांगणार?

डोक्याच्या दुखापतीची आपल्या मनातली प्रतिमाच वेगळी आहे, त्याचा या गोंधळात मोठा वाटा आहे. क्रिकेटवेड्या मुंबईत ती नरी कॉन्ट्रॅक्टरवरून पडली. 1962 मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागला, कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाल्या. फ्रँक वॉरेल, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी रक्त दिलं. आपला कर्णधार वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही. डोक्याला लागलं म्हणजे रक्त, ऑपरेशन, कवटीत पत्रा, हे तेव्हापासून आपल्या डोक्यात बसलंय. त्यापेक्षा कमी ते सगळं ‘थोडंसं लागलं’.

रमण लांबाची गोष्ट त्याहून जास्त शिकवणारी आहे आणि तिची आठवण फार कमी जण काढतात. फेब्रुवारी 1998 मध्ये ढाक्याला क्लबचा सामना होता. लांबा शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा राहिला. फटका कपाळावर बसला आणि चेंडू उडून यष्टिरक्षकाच्या हातात गेला. लांबा उठला, स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. थोड्या वेळानं कोसळला आणि तीन दिवसांनी गेला. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साठत जातं तेव्हा मधला काही काळ माणूस अगदी ठणठणीत दिसू शकतो. म्हणून डोक्याला मार लागल्यावर पहिले 24 तास माणसाला एकटं सोडायचं नाही. डोकेदुखी वाढतच चालली, उलट्या पुन्हा पुन्हा झाल्या, फिट आली, बोलणं जड झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही आलं, हाक मारून-हलवून नीट जागं होईना, तर 108 ला फोन करायचा आणि निघायचं. कांदा हुंगवत बसायचं नाही. डॉक्टरांनी तपासून पाठवलेल्याला रात्रभर थोपटून जागं ठेवायचीही गरज नाही. त्याला झोप हवीच असते. ती लक्षणं दिसली नाहीत म्हणजे जिवावरचं टळलं, एवढाच अर्थ. पुढे काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न आपण कसा टाळतो, याचा उत्तम नमुना पुण्याजवळ गहुंजे इथं 31 जानेवारी 2025 ला पाहायला मिळाला. इंग्लंडविरुद्धच्या टी-20 मध्ये आपल्या मुंबईच्या शिवम दुबेच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा चेंडू आदळला. फिजिओनं तपासलं, दुबे उरलेला चेंडू खेळला. डाव संपल्यावर त्यानं डोकं दुखत असल्याचं सांगितलं आणि त्याच्या जागी हर्षित राणा उतरला. राणानं तीन बळी घेतले, आपण 15 धावांनी जिंकलो आणि गदारोळ उठला. बदली खेळाडू त्याच जातकुळीचा हवा की नको, यावर दोन दिवस चॅनेलं तापली. खुद्द सुनील गावसकरांनी लिहिलं की दुबे शेवटपर्यंत खेळला, याचा अर्थ त्याला कन्कशन नव्हतंच. गावसकरांविषयीचा सगळा आदर ठेवून म्हणावं लागतं की हा तर्क चुकीचा आहे. लक्षणं तासाभरानं दिसणं हा या दुखण्याचा स्वभावच आहे. चेंडू लागल्यावर खेळत राहणं हा त्याविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही. पण खरी खटकणारी गोष्ट वेगळीच होती आणि तिच्यावर जवळजवळ कुणी बोललं नाही. रविवारी, म्हणजे दोनच दिवसांनी, तोच दुबे वानखेडेवर खेळला. बॅटिंग केली, बोलिंगही टाकली. शुक्रवारी कन्कशन झालं असेल तर रविवारी तो मैदानात नको होता, आणि रविवारी तो ठणठणीत असेल तर शुक्रवारची बदली कशाला? त्याच वर्षी पुढे आयसीसीनं असा खेळाडू किमान सात दिवस बाहेर बसेल असा नियम केला. आपल्या चर्चेत मात्र मेंदू आलाच नाही. संघाला फायदा झाला की तोटा, एवढाच हिशेब झाला. भारतीय संघाच्या ड्रेसिंग रूमबद्दल आपण असं बोलतो, तर जोगेश्वरीच्या गल्लीतल्या गोविंदाची काय कथा.

आता ‘तज्ज्ञ’ या शब्दाकडे वळतो, कारण त्याबद्दलही गैरसमज आहेत. लोकांना तज्ज्ञ म्हणजे न्यूरोसर्जन वाटतो. रक्त साठलं असेल तर तोच हवा. कन्कशनला शस्त्रक्रिया नसते. बहुतेक प्रौढ दोन आठवड्यांत, मुलं महिन्याभरात बरी होतात, आणि त्यांना चांगला जनरल प्रॅक्टिशनरही पुरतो, मात्र काय सांगायचं हे त्याला माहीत हवं. जुना सल्ला होता: अंधाऱ्या खोलीत पडून राहा, पूर्ण बरं वाटेपर्यंत हलू नका. तो आता मागे पडलाय. 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला भरलेल्या आणि 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनं सांगितलं की पहिले एक-दोन दिवस निवांतपणा, मोबाइल-टीव्ही कमीत कमी, आणि त्यानंतर हळूहळू चालणं. त्रास किंचित वाढला तर चालेल, खूप वाढला तर एक पायरी मागे. आधी अभ्यास आणि काम, मग खेळ. खेळाच्याही पायऱ्या, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि धक्काबुक्कीचा भाग सगळ्यात शेवटी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. आधीचा मार भरून यायच्या आत दुसरा बसणं हा यातला सगळ्यात मोठा धोका. कॅनडातल्या ओंटारिओत 2013 मध्ये सतरा वर्षांची एक रग्बीपटू अशीच, काही दिवसांत लागोपाठ डोक्याला मार बसून गेली. तिच्या नावानं तिथं 2018 मध्ये ‘रोवनचा कायदा’ झाला. मुलाच्या डोक्याला लागल्याचा संशय आला तरी प्रशिक्षकानं त्याला बाहेर काढायचं आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही, ही तिथल्या शाळा-क्लबांवर कायद्यानं आलेली जबाबदारी आहे. टोरंटोकडे राहणाऱ्या मराठी आईबापांना हा नियम ठाऊक असतो. त्यांच्या बोरिवलीतल्या भावंडांना तो ऐकूनही माहीत नसतो.

महिना उलटूनही त्रास राहिलेल्यांना खरी तज्ज्ञसेवा लागते, आणि ती एका माणसाकडे मिळत नाही. गरगरणं हे कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेचं असेल तर त्याचे खास व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट लागतो. डोकेदुखी मानेतून येत असेल तर मानेवर काम हवं. अर्धशिशीसारखी असेल तर न्यूरॉलॉजिस्टचं औषध. जवळचं वाचताना डोळे जुळत नसतील तर नेत्रतज्ज्ञ. झोप उडाली, मन खचलं, तर मानसोपचारतज्ज्ञ. आणि परत कामाला कसं लागायचं, दिवसाची मांडणी कशी करायची, हे शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट. गंमत अशी की या शेवटच्या शास्त्राचं भारतातलं पहिलं विद्यालय 1950 मध्ये कमलाबाई निंबकरांनी मुंबईतच, केईएमला सुरू केलं. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. माणसं या शहरात आहेत. पण राजावाडीच्या किंवा मुलुंडच्या कॅज्युअल्टीतून त्यांच्यापर्यंत जाणारी वाट कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते, आणि ती वाट रोगी स्वतः शोधू शकत नाही, कारण शोधायचं ज्यानं तेच दुखतंय.

वाट नाही म्हटल्यावर बाजार येतो. पुन्हा स्कॅन, मग एमआरआय, मग मेंदूच्या ताकदीच्या महागड्या गोळ्या. सिटिकोलीन नावाचं औषध आपल्याकडे डोक्याला मार लागला की सर्रास लिहिलं जातं. अमेरिकेत बाराशेवर रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. 2012 मध्ये निष्कर्ष आला की मेंदूच्या दुखापतीत त्याचा फायदा नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त नाही. तरी ते खपतं. विश्रांती आणि चालण्याच्या वेळापत्रकाचं बिल होत नाही, हे त्यामागचं एक कारण असावं, असं माझं मत.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतील, आणि रास्त म्हणतील, की गोपाळकाल्याच्या रात्री कॅज्युअल्टीत उभं राहून दाखवा. एक शिकाऊ डॉक्टर, समोर रांग, बाहेर पथकाचा गोंधळ; ज्याच्या मेंदूत रक्त साठतंय तो आधी शोधायचा की सगळ्यांची कहाणी ऐकत बसायची? बरोबर आहे. म्हणूनच कहाणी ऐकायचं काम त्या रात्रीचं नाही. त्या रात्री मराठीत आणि हिंदीत छापलेला एक कागद हातात द्यावा: कोणत्या लक्षणांना धावत परत यायचं, पहिले दोन दिवस काय करायचं, आणि आठवड्यानं कुठल्या ओपीडीत दाखवायचं. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. हातावर पोट असलेल्यानं विश्रांती घ्यायची कशी? पथकांतली कितीतरी पोरं डिलिव्हरीची बाइक चालवतात, कुणी माथाडी, कुणी कंत्राटी. त्यांना ‘हळूहळू कामाला लागा’ सांगणं म्हणजे चेष्टा वाटू शकते. इथं उत्तर डॉक्टरांकडे नाही, सरकारकडे आहे. 2022 मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला, तेव्हा मदतीचे आकडेही जाहीर झाले: मृत्यू झाल्यास 10 लाख, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेल्यास साडेसात लाख, एक गेल्यास पाच लाख. मेंदू हा अवयव असून त्या तक्त्यात बसत नाही, कारण तो ‘जात’ नाही, काही आठवडे नीट चालत नाही. त्या आठवड्यांची बुडालेली मजुरी भरून देणं राज्याला अवघड नाही. बक्षिसांच्या रकमा बघता आयोजकांना तर मुळीच नाही.

गोविंदांचं उदाहरण घेतलं ते एवढ्यासाठी की ते वर्षातून एकदा तरी मोजले जातात. बाकीचे मोजलेही जात नाहीत. खड्ड्यात रिक्षा आदळते आणि डोकं टपाच्या लोखंडी दांड्यावर बसतं. लोकलमध्ये चढताना कुणाचं कोपर कपाळावर लागतं. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे आजोबा बाथरूममध्ये घसरतात, उठून चहा पितात, आणि तीन आठवड्यांनी त्यांचं चालणं लटपटायला लागतं तेव्हा घरचे ‘वय झालं’ म्हणतात. तिथं साठलेलं रक्त असू शकतं आणि ते वेळेवर काढलं तर आजोबा पुन्हा चालतात. आणि सगळ्यात कमी बोललं जातं ते नवऱ्याच्या हातच्या माराबद्दल. भिंतीवर आपटलेल्या बाईला पुढचे दोन महिने भाजीत मीठ घातलं की नाही आठवत नाही, आणि त्यासाठी तिला पुन्हा मार बसतो. तिच्या केस पेपरवर ‘घरात पडली’ असं असतं.

पालिकेला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये, कारण याच बाईसाठी पालिकेनं एकदा ते जमवलंय. 2000 च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ या संस्थेबरोबर ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर-नर्सना ‘घरात पडली’च्या पलीकडे विचारायला शिकवलं गेलं, आणि बाईला पुढे कुठं पाठवायचं याची वाट आखली गेली. पुढे ते इतर रुग्णालयांतही गेलं. नवीन औषध नव्हतं, मशीन नव्हतं. विचारायचे प्रश्न ठरले आणि पाठवायचं दार ठरलं. कन्कशनसाठी याहून जास्त काही लागत नाही. सायन, केईएम, नायर आणि कूपर इथं आठवड्यातली एक दुपार या रुग्णांसाठी ठेवली आणि उपनगरातल्या रुग्णालयांनी तिकडे चिठ्ठी दिली, तरी सुरुवात होईल.

पालिका करील तेव्हा करील. गुरुपौर्णिमेला पथकं श्रीफळ वाढवून सरावाला सुरुवात करतात. सगळ्यात वर चढणाऱ्या एक्क्याच्या पोराला हेल्मेट घालता, दोर बांधता, हे चांगलंच आहे. हेल्मेट कवटी वाचवतं, आत हलणारा मेंदू थांबवत नाही. तेव्हा प्रत्येक पथकानं त्याच दिवशी पोरांसमोर एवढं सांगून टाकावं: ज्याचं डोकं आपटलं तो त्या दिवशी पुन्हा थराला लागणार नाही, त्याला एकट्याला घरी पाठवणार नाही, त्याच्या घरी काय बघायचं ते सांगून येऊ, आणि किमान आठवडाभर, पुढे डॉक्टर लिहून देईपर्यंत, तो सरावाला फक्त बघायला येईल. शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी आणि मैदानावरच्या कोचनीही हेच करावं. याला शासन निर्णय लागत नाही.